खाऱ्या हवेतला स्मोकर: चौलच्या अंगणातला उद्योग

स्मोकर (मांस-मासे मंद धुरावर शिजवायची भट्टी) घ्यायचा म्हणून वाचायला बसले तेव्हा लवकरच लक्षात आलं की याबद्दल लिहिणारी बहुतेक माणसं समुद्रापासून लांब राहतात. कोणी टेक्सासात ओकचं लाकूड जाळतंय, कोणाच्या अंगणात बारा-बारा तास ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) चाललंय, आणि चर्चा सगळी कशाची तर कुठल्या मॉडेलला वायफाय आहे आणि कुठल्याला नाही याची. गंजाबद्दल एखादी ओळ, ती पण "कव्हर घालून ठेवा" एवढीच. आमच्या चौलला गेटची कडी दोन वर्षांत खपली धरते, सायकलची चेन एका पावसाळ्यात लाल होते, गॅसच्या शेगडीचे पाय दरवर्षी रंगवायला लागतात, तिथे चाळीस-पन्नास हजाराचं लोखंड अंगणात ठेवायचं म्हणजे पोटात गोळा येतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाला उपयोग झाला तर बघा, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, खर्चासकट.

डोक्यात किडा शिरला डिसेंबर २०२४ मध्ये. पुण्याला दिराकडे गेलो होतो, त्याच्या मित्राने साध्या गोल केटलवर (झाकण असलेली कोळशाची शेगडी) अख्खी कोंबडी स्मोक केली होती, ती खाऊन आल्यावर घरी विषय काढला तर बाबा (सासरे) म्हणाले, "अगं आपली पोपटी आहे की, कशाला हवाय तो डबा?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा आल्या की आठवड्याआड कोणाच्या तरी शेतात पोपटी लागतेच. पण दोन्हीचं काम वेगळं. पोपटीत मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, केळीच्या पानातलं चिकन गच्च भरतो, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवतो आणि बाहेरून पेंढा-लाकडं पेटवतो, म्हणजे आतलं सगळं स्वतःच्या वाफेवर पाऊण-एक तासात शिजतं. धुराचा वास लागतो तो जाता जाता. स्मोकरमध्ये वाफ कोंडायची नसते. १०७ ते १३५ अंश सेल्सिअसची मंद हवा आणि पातळ धूर मटणावरून तासन्‌तास वाहता ठेवायचा असतो (अमेरिकन लोक २२५ ते २७५ म्हणतात ते फॅरनहाइट, घाबरू नका). बाबांना पटलं असं नाही, पण "बघ काय ते" एवढी परवानगी मिळाली.

कुठला घ्यायचा हे बघायच्या आधी एक काम करा असं मी आता सगळ्यांना सांगते. आपल्या घरात महिन्याभरात खरंच काय शिजतं ते कागदावर लिहा. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले ब्रिस्केटच्या मापाने दिलेले असतात, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशबंदी आहे, म्हणजे तो विषयच संपला. आमच्या यादीत आलं चिकन, बोकडाची मांडी, बांगडा, सुरमई, कधीतरी मुंबईहून कोणी आणलं तर पोर्क, आणि आईंसाठी (सासूबाई, त्या सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात) वांगी आणि पांढरे कांदे. खाणारी माणसं सहा, पाहुणे आले तर बारा. म्हणजे एका वेळी दोन कोंबड्या किंवा डझनभर बांगडे मावले की झालं. हे कागदावर आल्याबरोबर मोठे, दोन दारांचे, रेल्वे इंजिनासारखे दिसणारे सगळे प्रकार आपोआप बाद झाले. त्या आधी दोन आठवडे मी त्यांचेच व्हिडिओ बघत होते.

जानेवारीत चौकशी सुरू केली. ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी आमचा पिनकोड टाकला की "या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही", जिथे उपलब्ध तिथे मालवाहतूक वेगळी आणि फोडून-तुटून आलं तर परत न्यायची जबाबदारी आपली. म्हणून एक दिवस गाडी रो-रो बोटीवर घालून भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईत प्रत्यक्ष दुकानांत जाऊन बघितलं. हे नक्की करा, कारण फोटोत पत्र्याची जाडी दिसत नाही, झाकण हातात घेतल्यावर कळतं.

ऑफसेट, म्हणजे बाजूला वेगळी भट्टी असलेला आडवा पिंप, हा दिसायला सगळ्यात झकास. पण दर अर्ध्या-पाऊण तासाने नवीन ओंडका घालत दिवसभर त्याच्यापाशी बसावं लागतं, लाकूड पण भरपूर खातो, आणि ३५-४० हजाराच्या रेंजमध्ये पत्रा इतका पातळ की झाकणाच्या फटीतून निम्मा धूर बाहेर. पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्या मोटरने आत ढकलणारं मशीन, बटण दाबा आणि विसरा. मला खरंतर तेच हवं होतं. पण त्याला लाइट लागते, आमच्याकडे जोराचा वारा सुटला की पहिली लाइट जाते, आणि त्या गोळ्या दमट हवेत फुगून परत भुसा होतात आणि आतला स्क्रू जाम करतात. शिवाय आपल्याकडे बॉयलरसाठी ज्या शेतकचऱ्याच्या पेलेट मिळतात त्या खाण्याच्या कामाला वापरायच्या नाहीत, कारण त्यात काय काय दळलंय सांगता येत नाही. मग कमाडो, मातीच्या रांजणासारखा जाड सिरॅमिकचा. खाऱ्या हवेला हा खरा उपाय, सिरॅमिकला गंज नाही, पाऊस-वारा काही वाटत नाही, मूठभर कोळशावर रात्रभर चालतो. पण त्याचा पट्टा आणि बिजागरी लोखंडाचीच, वजन शंभर किलोच्या घरात, आणि मला सांगितलेली किंमत एक लाख तीस हजार. नवऱ्याने दुकानदारासमोरच खोकून दाखवलं.

उरले बुलेट आणि ड्रम. बुलेट म्हणजे उभा, खाली कोळसा, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या. घरासाठी हा फार शहाणा प्रकार आहे, पाण्यामुळे तापमान उड्या मारत नाही, नवशिक्याला पण जमतो. चांगल्या कंपनीचा असेल तर वरून एनॅमल असतं, ते टिकतं, पण एकदा का कुठे आपटून टवका उडाला की त्या टवक्यातून गंज आत शिरतो आणि आजूबाजूचं एनॅमल उचलतो. १८ इंची बुलेट मला ४२ हजाराला सांगितला, आणि उपलब्धता "ऑर्डर टाकल्यावर सहा ते आठ आठवडे". मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती म्हणाली मी पाठवते, तिकडे स्वस्त आहे. तर कुरियर मोठ्या खोक्याचं खरं वजन धरत नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे येईल ते वजन. ५० बाय ५० बाय ६० चा खोका धरला तरी ३० किलो, माल असेल वीस किलोचा. त्यावर कस्टम ड्युटी, केवायसीसाठी आधार, हाताळणीचे पैसे. हिशोब केला आणि मावसबहिणीला म्हटलं, तू फक्त थर्मामीटर आण येताना.

याच काळात वाचताना कळलं की जी गोल केटल आज जगभर दिसते ती १९५२ मध्ये शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने बनवली, आणि कशापासून, तर त्यांचा कारखाना समुद्रातले बोये (खुणेसाठी सोडलेले धातूचे तरंगते गोळे) बनवायचा, त्यातला एक मधोमध कापून. हे मी रेवदंड्याच्या आमच्या मासळीवाल्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुला कशाला हवाय विकतचा? बोया मी देतो, कापून घे." गंमतीत म्हणाले, पण बनवून घेता येईल हे डोक्यात तिथे पक्कं झालं.

ड्रम स्मोकर म्हणजे अगदीच साधी गोष्ट आहे. २०० लिटरच्या पिंपाएवढं नळकांडं, खाली कोळशाची टोपली, तिच्यापासून साधारण दोन फूट वर जाळी, तळाशी हवा आत घ्यायला तीन भोकं, झाकणाला धूर बाहेर जायला एक नळी. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचाच धूर परत मटणाला लागतो, ती चव बुलेटच्या पाण्याच्या परातीत मिळत नाही. जुनं पिंप हजार रुपयांत मिळतं, पण त्यात आधी काय होतं ते विकणाऱ्याला पण माहीत नसतं. आतून लालसर किंवा पिवळट लायनिंग असेल तर ते भट्टी पेटवून पूर्ण जाळून, घासून काढावं लागतं. आणि एवढं करून ते साधं लोखंड, आमच्या हवेत दोन-तीन पावसाळे.

फेब्रुवारीत पोयनाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांकडे गेलो. आमच्या आंगणाची जाळी त्यांनीच केली होती. मी वहीत काढलेलं चित्र बघून ते म्हणाले, "वहिनी, जीआयमध्ये करू, गंजणार नाही." इथे थांबा. जीआयवर जस्ताचा थर असतो, तो तापला की त्याचा धूर होतो आणि तो पोटात किंवा छातीत जायला नको, त्यामुळे आगीच्या आणि अन्नाच्या कामाला जीआय नाही म्हणजे नाही, जाळी सुद्धा नाही, नट-बोल्ट सुद्धा नाही. मग ते म्हणाले पावडर कोटिंग. पावडर कोटिंग खिडकीच्या ग्रिलला ठीक, कोळशाजवळ ते सोलून निघतं. राहिले दोन मार्ग: जाड साधं लोखंड घेऊन वर सहाशे अंशाला टिकणारा सिलिकॉनचा रंग, जो दर दिवाळीला परत मारायचा, नाहीतर एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील.

दादांनी एसएसला लगेच होकार दिला आणि दर ऐकून मला आनंद झाला. नंतर रेवदंड्याच्या जेटीवर बोटीचं काम करणाऱ्या ओळखीच्या एकाने विचारलं, "कुठलं एसएस?" तेव्हा पुढचं सगळं कळलं. बाजारात भांड्या-ग्रिलसाठी २०२ ग्रेडचं एसएस सर्रास वापरतात, त्यात निकेल ४ ते ६ टक्के आणि बाकी मँगनीज घालून भागवलेलं असतं, खाऱ्या हवेत ते वर्षभरात डागाळतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, बोटीचे सामान त्याचं असतं, पण भाव दीडपटीच्या वर. आणि लोक जे चुंबक लावून बघतात त्याचा इथे उपयोग शून्य, कारण २०२ ला पण चुंबक चिकटत नाही आणि ३०४ ला पण नाही. त्यासाठी एक टेस्टिंगची बाटली मिळते, तीन-चारशे रुपयांना, पत्र्यावर थेंब टाकायचा, छोटी बॅटरी टेकवायची, २०२ असेल तर काही सेकंदांत थेंब लाल होतो. मी बाटली मागवली आणि दादांना आधीच सांगून टाकलं की पत्रा आला की मी येऊन थेंब टाकणार. ते हसले. पण सांगितल्यामुळे सरळ ३०४ चाच पत्रा आला, टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स पण दिली.

शेवटी ठरलं ते असं: अंग आणि झाकण ३०४ चं, दोन मिलिमीटर, व्यास २२ इंच, उंची ३४. कोळशाची टोपली मात्र मुद्दाम साध्या जाड लोखंडाची, कारण निखारे तिला खाणारच आहेत, दोन वर्षांनी नवीन करून घ्यायची, त्यात एसएस घालून पैसे जाळण्यात अर्थ नाही. कोटेशन कागदावर घ्या, ग्रेड आणि जाडी दोन्ही त्यात लिहून घ्या, तोंडी नको. माझं बिल: पत्रा-पाइप ११,४०० रुपये, मजुरी ८,५००, दोन जाळ्या २,८००, हवेसाठी तीन बॉल व्हॉल्व्ह १,०५०, चाकं ७००. झाले २४,४५०, वर १८ टक्के जीएसटी ४,४०१, एकूण २८,८५१. निम्मे आगाऊ. "बिलाशिवाय केलं तर जीएसटी वाचेल" असं सुचवण्यात आलं होतं, पण ग्रेड लिहिलेलं बिल हीच आपली गॅरंटी, म्हणून बिल घेतलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू होणार होतं. १३ मार्चला होळी, तिच्या आधीपासून कारागीर आपापल्या गावी, मग पत्रा वाकवायचं रोलिंग मशीन दुसऱ्याकडे, तिथे नंबर, मग लग्नसराईच्या मांडवांची घाई. मी दर दोन दिवसांनी फोन करायचे, समोरून दर वेळी "झालंच वहिनी, पॉलिशला आहे". कोकणात काम करून घेतलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. मला तर शेवटी वाटायला लागलं की बुलेटच मागवला असता तर एव्हाना आला असता, आणि एका रात्री खरंच वेबसाइट उघडून कार्टपर्यंत गेले होते, नवऱ्याने लॅपटॉप मिटला. टेम्पोने घरी आला १९ एप्रिलला, टेम्पोचे ९०० वेगळे. या वाटेने जाणार असाल तर हंगामाच्या आधी दोन महिने धरूनच चाला.

आल्या आल्या शिजवायला घेऊ नका. आतून मशीनचं तेल, पॉलिशची पेस्ट असते. साबणाने धुतला, सुकवला, आतून गोडेतेलाचा पातळ हात फिरवला आणि रिकामाच चार तास १५० च्या आसपास तापवला. पहिला तासभर नाकाला झोंबणारा वास येत होता, तो जाईपर्यंत थांबायचं. त्या दिवशी पाण्याची परीक्षा पण झाली. झाकणाला बसवलेला गोल काटा आणि मावसबहिणीने आणलेला दोन सुयांचा डिजिटल थर्मामीटर (इथे २,३०० च्या आसपास मिळतो) यात पंचवीस अंशांचा फरक. मग खरं कोण? उकळत्या पाण्यात दोघांना बुडवा. आपण समुद्रसपाटीला आहोत, पाणी बरोबर १०० ला उकळतं, पुण्याच्या दिरासारखं ९८ चं गणित करायला लागत नाही. डिजिटलने १०० दाखवलं, काट्याने ७८. काटा अजून आहे झाकणावर, शोभेला.

आता जळणाबद्दल, कारण माझ्या मते स्मोकरपेक्षा इथेच जास्त बिघडतं. उष्णता कोळशाची आणि धूर लाकडाचा, हे दोन वेगळे धरा. लाकडी कोळसा मला ४५ रुपये किलोने मिळाला, पण पोत्यात निम्मा चुरा असतो, तो टोपलीत गेला की हवा कोंडते आणि आग गुदमरते, चाळून घ्या. चुरा फेकू नका, तुळशीच्या कुंडीत चालतो. नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट महाग आहेत, पण एकसारख्या जळतात आणि लांबच्या कामाला बऱ्या पडतात. सोडणांचा (नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचा) धूर मात्र उग्र लागतो, आमच्या घरी दोघांना तो आवडला आणि बाकीच्यांनी ताट बाजूला सारलं.

लाकूड कुठलं? आंबा उत्तम, गोडसर सौम्य धूर. पण आंब्याचं लाकूड म्हटलं की आईंना एकच प्रसंग आठवतो, आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यावर आंबा तोडायची पद्धत, त्यामुळे "त्यावर कोंबडी?" असा चेहरा. चिकू आणि पेरूच्या छाटलेल्या फांद्यांवर तडजोड झाली, आणि खरं सांगते, बांगड्याला पेरूच जास्त छान. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या वाडीत असली तरी तोडायला परवानगी लागते. आपल्याला लागतात मुठीएवढे चार-पाच तुकडे, त्यासाठी झाड तोडायची वेळच येत नाही, आमच्याकडे तर निसर्ग वादळात (३ जून २०२०) पडलेल्या झाडांचे ओंडके पडवीत अजून होते, चांगले वाळलेले. खाडीकडचं तिवर काही जुनी माणसं सुचवतील, पूर्वी जळायचं ते, पण कांदळवनाला हात लावायचा नाही, गुन्हा आहे. सुरूचं झाड दिसायला पाइनसारखं असलं तरी पाइनच्या जातीचं नाही, त्यामुळे रेझिनची भीती नाही, पण किनाऱ्यावरची बनं सरकारी लागवडीची असतात, तिथून काही उचलू नका. आणि काजूची टरफलं चुकूनही नाही, त्यातलं तेल अंगावर फोड आणतं, त्याचा धूर काय करेल बघा. लाकूड वाळलंय की नाही कळायला तुकडा स्वयंपाकाच्या काट्यावर दर रविवारी ठेवा, वजन उतरायचं थांबलं की तयार.

पेटवताना टोपलीभर न पेटलेला कोळसा, त्यात लाकडाचे तुकडे पुरलेले, आणि वर मध्यभागी दहा-बारा लाल निखारे. आग वरून खाली हळूहळू उतरते, सहा-सात तास बघायला लागत नाही. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्यायचा, त्यात मटण ठेवलं तर कडू होतं. झाकणातून येणारा धूर पातळ, निळसर, जवळजवळ दिसेनासा झाला की मग ठेवायचं. इथे समुद्राचा अजून एक हिसका आहे. दुपारी बारानंतर खारे वारे सुटतात, पश्चिमेकडचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर वारा भात्यासारखा आत घुसतो आणि ११५ चे १६० होतात. आता मी वाऱ्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मागचाच अर्धा उघडते. रात्री वारा फिरला की उलट.

पहिली कोंबडी एप्रिल संपताना केली. आपल्याकडे दुकानदार न विचारता साल काढून देतो, आधीच "स्किन ठेवा" म्हणून सांगावं लागतं, मला त्याने दोनदा विचारलं, "नक्की?" पाठीचा कणा कापून कोंबडी उघडली, मीठ, लिंबू, आगरी मसाला लावून रात्रभर फ्रीजमध्ये. चिकनला ११० वर ठेवू नका, साल रबरासारखी होते, १४० च्या आसपास हवं, दीड तासात झाली. मांडीच्या जाड भागात सुई ७४ दाखवायला हवी, रंग बघून ठरवू नका, स्मोक केलेलं मांस आत शिजल्यावर पण गुलाबी राहतं. आईंनी, अर्थात शेजारच्या काकूंनी खाऊन सांगितल्यावर, तोच मसाला लावलेले पांढरे कांदे पुढच्या वेळी दोन तास ठेवले. अलिबागचा कांदा मुळात गोड, स्मोक झाल्यावर आतून मुरंबा. घरात सगळ्यात जास्त मागणी आता त्याला आहे.

पोर्कचा खांदा केला तेव्हा जीव टांगणीला लागला होता. आतलं तापमान ६९ ला पोचलं आणि तिथेच बसलं, तासभर, दोन तास, कोळसा व्यवस्थित, बाहेर ११५ कायम. पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं आणि घाम आल्यावर आपण गार होतो तसं मांस स्वतःला गार ठेवतं, म्हणून असं होतं. झाकण उघडून बघत बसू नका, नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळा, पुढे सरकतं. ९४-९५ ला काढलं, काट्याने सुटत होतं, पावात भरून खाल्लं. बोकडाची मांडी मात्र अजून मनासारखी जमलेली नाही, आपलं मटण कमी चरबीचं, कोरडं पडतं. सध्या दोन तास धूर देऊन मग पातेल्यात रश्श्यात घालते, तो रस्सा अफलातून होतो.

बांगड्याची एक गोष्ट कुठे वाचायला मिळाली नव्हती. मिठाच्या पाण्यातून (लिटरला ७०-८० ग्रॅम, तासभर) काढल्यावर मासा वाळून त्यावर चिकट पापुद्रा यायला हवा, त्याच्यावर धूर धरतो. परदेशी लिहितात, तासभर उघड्यावर ठेवा. आमच्या मेच्या हवेत तासाभराने मासा जास्तच ओला. टेबल फॅन लावला, वर मच्छरदाणीचा तुकडा, दारात मांजर नको म्हणून मुलाला बसवलं, तेव्हा दोन तासांनी बोटाला चिकटायला लागला. मग ८५-९० ला तास-सव्वा तास, आत ६३. कातडी तांब्यासारखी झाली आणि काटा अलगद निघाला. आई म्हणाल्या सुक्या बांगड्याच्या डब्यात ठेवूया. तसं नाही चालत, सुक्यात मीठ भरपूर असतं आणि पाणी नसतं, हा फक्त शिजलेला मासा आहे, फ्रीजमध्ये तीन दिवस आणि संपवायचा.

२०२५ ला पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला, आमचा पत्र्याचा आडोसा तेव्हा अर्धाच झाला होता, दोन दिवस स्मोकर ताडपत्रीखाली. १ जूनला मासेमारी बंद झाली, जुलै अखेर श्रावण लागला, तो संपेस्तोवर गणपती, म्हणजे पावसाळ्यात तसाही वापर थोडाच. जेव्हा केला तेव्हा आडोशाखाली, तिन्ही बाजू उघड्या ठेवून. बाहेर कितीही ओतत असलं तरी बंद पडवीत किंवा गाडीच्या शेडमध्ये दार लावून कोळसा पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर वेळी गार झाल्यावर राख काढून टाका, राख दमट हवेत ओलावा ओढून तळाला चिकटते आणि धातू खायला लागते, आमच्याकडे तळाला गंज आलाच तर तिथून येणार. कव्हर प्लास्टिकचं चढवून गच्च बांधू नका, आत वाफ धरते. मी नुसतं झाकण आणि व्हॉल्व्ह किंचित उघडे ठेवते आणि जाळ्यांना तेलाचा हात.

पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये नीट पुसून बघितला. अंगावर चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके, ते जोडणीच्या वेल्डिंगजवळ जास्त. ३०४ समुद्राजवळ एवढं करतंच, पितांबरीने निघाले. टोपली लाल झालीय पण शाबूत आहे. बिजागरीचे दोन स्क्रू, जे दादांनी त्यांच्याकडचे साधे लावले होते, ते सडले, एसएसचे बदलून घेतले, पन्नास रुपये. तुम्ही कोटेशनमध्येच स्क्रूंचं पण लिहून घ्या. आडोशाला सहा हजार गेले, थर्मामीटर धरून सगळं मिळून अडतीस हजाराच्या आसपास. बुलेट याच पैशात आला असता, थोडा जास्त धरा. वाऱ्यापासून आडोसा असेल, घर समुद्रापासून पाच-सात किलोमीटर आत असेल किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या मागे लागायची तयारी नसेल तर बुलेटच घ्या, मी स्वतः तेच सुचवेन. आणि नुसतं करून बघायचं असेल तर कोणाकडे केटल असेल ती एका रविवारी मागून आणा, एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला कोंबडी ठेवली की तिच्यावर पण स्मोक होतं.

मापं हवी असतील तर वर दिलीत तीच दाखवा. आमच्या आळीत दोघांनी वहीतलं चित्र नेलंय, पैकी एकाचा पत्रा पुढच्या आठवड्यात येणार म्हणे, टेस्टिंगची बाटली त्याच्याकडे गेलीय, बॅटरी मात्र नवीन घाल म्हणून सांगितलंय.